छायाचित्रणाचा वर्ग कशासाठीं?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्यें जाहीर झालें आणि त्यानुसार आमच्या विद्यापीठांतून नवी रचना लागू होऊं लागली, तेव्हांपासून मराठीच्या किंवा इतिहासाच्या विद्यार्थ्याला स्वतःच्या विद्याशाखेबाहेरचा एखादा विषयहि घ्यावा लागतो. अशा वैकल्पिक विषयांच्या यादींत कांहीं महाविद्यालयांनीं छायाचित्रणाला जागा दिली आहे. दोन श्रेयांक, म्हणजे प्रात्यक्षिकाच्या हिशेबानें साठ तास. एवढ्याशा विषयासाठीं मासिकाचीं पानें खर्चीं घालण्याचें कारण काय, असें कोणी विचारील. कारण असें कीं, या साठ तासांच्या निमित्तानें 'सर्जनशीलता' या शब्दाचा जो बाजार मांडला गेला आहे, तो छायाचित्रणापुरता राहिलेला नाहीं. काव्यलेखनाच्या, नाट्याच्या, चित्रकलेच्या वर्गांतूनहि तोच माल त्याच वेष्टनांत विकला जात आहे. छायाचित्रणाच्या वर्गांत तो उघडा पडतो इतकेंच. म्हणून त्याची परीक्षा येथें करणें सोयीचें आहे.

या वर्गाविषयीं दोन पक्ष आमच्या कानीं येतात. पहिला पक्ष तुच्छतेचा. त्याचें म्हणणें, चित्र यंत्र काढतें, माणसानें केवळ बटण दाबावयाचें. त्यांत शिकण्यासारखें काय आहे, आणि पदवीच्या अभ्यासक्रमांत त्याचें काम काय? हा आक्षेप नवा नाहीं. १८५९ मध्यें पॅरिसच्या चित्रप्रदर्शनाची समीक्षा करितांना बोदलेअरनें तो याहून पुष्कळ धारदार भाषेंत घेतला होता. मुद्रण आणि लघुलेखन यांच्याप्रमाणें छायाचित्रणानेंहि शास्त्रांची व कलांची चाकरी करावी, कल्पनेच्या प्रांतांत पाऊल टाकूं नये, असा त्याचा निवाडा होता. परंतु त्या निवाड्याच्याहि चार वर्षें आधीं, १८५५ मध्यें, आमच्या मुंबईंत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला होता. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. म्हणजे ज्या विद्यापीठीय परंपरेच्या सोंवळ्यासाठीं हे गृहस्थ छायाचित्रणाला दाराबाहेर उभें करूं पाहतात, त्या परंपरेच्या जन्मापूर्वींच तें या शहरांतल्या विद्यालयांत येऊन बसलें होतें. हरिश्चंद्र चिंतामण त्या वर्गांत शिकले आणि पुढें मुंबईंतले नामांकित छायाचित्रकार झाले. भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी हे व्यवसायानें वैद्य. पण छायाचित्रणांतहि त्यांनीं नांव मिळविलें. त्या पिढीला हा विषय हलका वाटला नाहीं. जो आक्षेप एकोणिसाव्या शतकांतल्या मुंबईनें कृतीनें खोडून काढला, त्याला आज पुन्हा उत्तर देत बसण्याची आम्हांस गरज वाटत नाहीं.

दुसरा पक्ष स्वागताचा. आणि आमचें खरें भांडण याच्याशीं आहे. कारण शत्रूनें दाराबाहेर ठेवलेली विद्या पुन्हा आंत येऊं शकते. पण मित्रांनीं आंत घेऊन पोकळ केलेली विद्या कायमची पोकळ राहते. या पक्षाचीं माहितीपत्रकें आम्हीं लक्षपूर्वक वाचलीं आहेत. विद्यार्थ्याच्या ठायीं सर्जनशीलता सुप्त असतेच, तिला केवळ मोकळीक हवी, कॅमेरा हातीं येतांच ती जागी होईल आणि साठ तासांच्या अखेरीस विद्यार्थी जगाकडे नव्या दृष्टीनें पाहूं लागेल, असा त्यांचा एकंदर आशय. अध्यापनाची पद्धतहि या आशयाला साजेशी. 'तुम्हांला आवडेल तें टिपा' असें सांगावयाचें, प्रत्येकाचीं उत्तम दहा छायाचित्रें मागवावयाचीं, सत्राच्या शेवटीं सभागृहांत प्रदर्शन भरवावयाचें, प्रमुख पाहुण्यांना शाल आणि श्रीफळ द्यावयाचें, आणि सर्वांनीं सर्वांचें कौतुक करून घरीं जावयाचें.

अशीं प्रदर्शनें आम्हीं पुष्कळ पाहिलीं. त्यांत काय दिसतें? समुद्रांत बुडणारा सूर्य. पानावरचा पावसाचा थेंब. सुरकुतलेल्या चेहऱ्याची म्हातारी. धुक्यांतला किल्ला. चाळीच्या कठड्याशीं उभें असलेलें उघडें मूल. वारींतला, डोळे मिटलेला वारकरी. नांवें बदलतात, गांवें बदलतात. चित्रें तींच राहतात. तीस विद्यार्थ्यांना संपूर्ण स्वातंत्र्य दिलें आणि तिसांनीं एकच प्रदर्शन भरविलें! हा योगायोग नव्हे. ज्याला कांहींहि टिपण्याची मुभा आहे, तो आपल्या डोळ्यांना जें दिसतें तें टिपीत नाहीं. पूर्वीं जें चित्र म्हणून पाहिलें आहे, तें टिपतो. मोकळ्या रानांत सोडलेलें गुरूं जुन्या पायवाटेनेंच परत येतें. हातांतल्या मोबाइलवर दिवसभर शेंकडों चित्रें सरकत असतां या मुलामुलींच्या स्मरणांत पायवाटा किती खोल पडल्या असतील, याची कल्पना करावी. अशा वेळीं त्यांना 'मोकळे व्हा' म्हणणें म्हणजे त्याच पायवाटेवर ढकलणें होय.

या फोल मोकळिकेचा कंटाळा आलेले कांहीं शिक्षक दुसऱ्या टोंकाला जातात. ते यंत्र शिकवितात. भिंगाचें छिद्र केवढें, पडदा किती वेळ उघडा, संवेदनशीलतेचा अंक कोणता, यांच्या व्याख्या लिहून देतात आणि अखेरीस त्यांवर लेखी परीक्षा घेतात. हें ज्ञान निरुपयोगी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. ज्याला चालत्या माणसाचा पाय धूसर हवा कीं स्पष्ट हवा हें ठरवावयाचें आहे, त्याला पडद्याचा वेग कळलाच पाहिजे. पण काय ठरवावयाचें हेंच ज्याला कळत नाहीं, त्याला वेगाची व्याख्या पाठ असून काय उपयोग? शिवाय हीं सर्व गणितें आतां मोबाइल स्वतःच करितो. एका बोटाच्या स्पर्शासरशीं तो अनेक चित्रें घेतो, त्यांचे उजेडाचे व काळोखाचे भाग जुळवितो आणि गुळगुळीत झालेलें एक चित्र आपल्यापुढें ठेवतो. जें काम यंत्र विद्यार्थ्याहून चांगलें करितें, त्याच्या व्याख्येला गुण देणें हा शिक्षणाचा विनोद आहे.

तर मग छायाचित्रणाच्या वर्गानें विद्यार्थ्याची प्रतिभा ताणली जाते ती कशानें? आमचें उत्तर एका शब्दाचें आहे: बंधनानें. तेंच ठिकाण, तीच वस्तु, तेंच भिंग, मोजकीं चित्रें, आणि पळून जाण्यास वाट नाहीं. मोकळ्या माणसाला पहिलें सुचलेलें पुरतें. अडकलेल्या माणसाला दुसरें, तिसरें, दहावें सुचावें लागतें. ताण म्हणतात तो हाच. दोरी दोन्हीं टोंकांना बांधली नाहीं, तर ती ताणली जाणार कशी?

याचीं प्रमाणें फार दूर शोधावयास नकोत. दादासाहेब फाळके हे चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं छायाचित्रकार होते; मुंबईचें जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचें कलाभवन येथें त्यांचें शिक्षण झालें होतें, आणि गोध्र्याला त्यांनीं छायाचित्रणाचा धंदाहि केला होता. १९१२ मध्यें भांडवल देणाराची खात्री पटविण्यासाठीं त्यांनीं काय केलें? कुंडींत वाटाणा पेरला, कॅमेरा तिच्यासमोर एका जागीं रोवला, आणि महिन्याहून अधिक काळ रोज थोडें थोडें चित्रण केलें. पडद्यावर पाहणाराला बी रुजून वेल वर चढतांना दिसली. पुढच्याच वर्षीं 'राजा हरिश्चंद्र' आला. ज्या माणसाच्या डोक्यांत देवादिकांचे चमत्कार घोळत होते, त्यानें प्रथम एका कुंडीपुढें महिनाभर नांगर टाकला, ही गोष्ट आमच्या सर्जनशीलतेच्या व्यापाऱ्यांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

दुसरें प्रमाण प्रागचें. योसेफ सूदेक या छायाचित्रकाराचा उजवा हात पहिल्या महायुद्धांत गेला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत शहर जर्मनांच्या ताब्यांत असतां, कॅमेरा घेऊन बाहेर हिंडणें जेव्हां कठीण झालें, तेव्हां त्यानें आपल्या कार्यशाळेची खिडकी टिपण्यास आरंभ केला. कांचेवर सांचलेलें दंव, पलीकडचें वांकडें झाड, आंतल्या बाजूस ठेवलेला पेला. १९४० पासून १९५४ पर्यंत, युद्ध संपल्यावरहि, तो त्या खिडकीपाशीं येत राहिला. बंधन प्रथम बाहेरून आलें होतें; पुढें तें त्यानें आपणहून पत्करलें. तिसरें प्रमाण अमेरिकेंतलें. एडवर्ड वेस्टनचें जें छायाचित्र जगभर प्रसिद्ध आहे, तें एका ढोबळ्या मिरचीचें. १९३० मध्यें ती त्यानें पत्र्याच्या नरसाळ्यांत ठेवून टिपली. त्या छायाचित्राचें नांवच 'मिरची क्रमांक ३०' असें आहे. ज्याला नव्या दृष्टीचें रहस्य हवें असेल, त्यानें त्या तीस या आंकड्याचें मनन करावें.

आमच्या काव्यशास्त्राला हें अपरिचित नव्हतें. मम्मटानें 'काव्यप्रकाशां'त काव्याचें कारण सांगतांना शक्ति, निपुणता आणि अभ्यास या तिघांना एकत्र गोंविलें. शक्ति जन्माची; निपुणता लोकव्यवहार, शास्त्र आणि काव्य यांच्या अवलोकनानें येणारी; आणि अभ्यास म्हणजे काव्य जाणणाऱ्याच्या देखरेखीखालीं पुनःपुन्हा करून पाहणें. आजचीं माहितीपत्रकें यांतल्या पहिल्याचेंच नांव घेतात आणि उरलेल्या दोहोंना रजा देतात. राजशेखरानें तर प्रतिभेचेच दोन भाग केले: निर्माण करणारी कारयित्री, आणि रसिकाची, पारखणारी भावयित्री. आमच्या मतें छायाचित्रणाच्या वर्गाचा पहिला अधिकार या दुसरीवर आहे. साठ तासांत कोणी कलावंत होणार नाहीं. परंतु आपण काढलेल्या छत्तीस चित्रांपैकीं चौतीस कां टाकावयाचीं, हें साठ तासांत शिकतां येतें. आणि जें टाकतां येत नाहीं त्यावर प्रेम करणें व जें टाकावयाचें त्याचा मोह सोडणें, याहून मोठें वाङ्मयीन शिक्षण आम्हांस ठाऊक नाहीं.

येथें एक रास्त प्रश्न उभा राहतो. फाळके, सूदेक, वेस्टन यांनीं बंधनें स्वतः घालून घेतलीं. मग वर्ग हवा कशाला? दोन कारणांसाठीं. एक तर नवशिक्याला आपलें बंधन निवडतां येत नाहीं. तो नेहमीं सोपें तेंच निवडतो. आणि दुसरें, एकट्याला जें कधींच कळत नाहीं, तें वर्गांत भिंतीवर दिसतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं न्यूयॉर्कमध्यें क्लॅरन्स व्हाइट छायाचित्रण शिकवीत असे. तो विद्यार्थ्यांना जवळपासच्या एखाद्या अगदीं सामान्य लोखंडी फाटकाकडे धाडी आणि त्याचेंच छायाचित्र आणावयास सांगे. फाटकांत पाहण्यासारखें कांहीं नव्हतें, हाच त्यांतला हेतु. वीस जणांनीं काढलेलीं त्याच वस्तूचीं वीस चित्रें शेजारीशेजारीं लाविलीं, कीं प्रत्येकाला प्रथमच उमजतें कीं, मला जें 'सहज' दिसलें, तें सहज नव्हतें. ती माझी निवड होती, आणि शेजारच्यानें वेगळी केली. हा धक्का एकट्याच्या खोलींत बसत नाहीं. तो ज्या वर्गांत बसत नाहीं, त्याला वर्ग म्हणण्यांत अर्थ नाहीं.

हें सर्व पुस्तकी नव्हे. आमच्या परिचयाच्या एका महाविद्यालयांत एका तरुण अध्यापकानें असा प्रयोग केला. आवारांतली पाण्याची टाकी आणि तिच्या भिंतीवरचे सहा नळ, एवढाच विषय तीन आठवड्यांसाठीं दिला. साधन प्रत्येकाच्या खिशांतला मोबाइल. आठवड्याला बारा चित्रें. एकहि पुसावयाचें नाहीं, कापावयाचें नाहीं, रंग वाढवावयाचे नाहींत. पहिल्या आठवड्यांत सर्वांनीं टाकी समोरून टिपली आणि कुरकुर केली. दुसऱ्या आठवड्यांत युक्त्या निघाल्या: कोणी आडवा झाला, कोणी झाडावर चढला, एकीनें नळावर जास्वंदीचें फूल ठेविलें. तिसऱ्या आठवड्यांत युक्त्या संपल्या आणि पाहणें सुरू झालें. एका विद्यार्थ्याला आढळलें कीं, पांच नळांखालीं भिंतीवर हिरवें शेवाळ आहे आणि सहाव्याखालीं दगड कोरडा पांढरा आहे. तो नळ कित्येक महिने बंद होता. रोज शेंकडों मुलें तेथें पाणी पीत असतां हें कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें. त्यानें तो कोरडा पट्टा टिपला. चित्र सुंदर होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. पण तें पूर्वीं कोणीं काढलेलें नव्हतें. त्याच सत्रांत त्या मुलानें लिहिलेला मराठीचा निबंध आमच्या पाहण्यांत आला. त्यांत 'निसर्गरम्य' हा शब्द नव्हता. ज्यांनीं वर्षानुवर्षें निबंध तपासले आहेत, त्यांना या वाक्याचें मोल कळेल.

पुढें काय झालें? प्रदर्शनांत मांडण्यासारखें कांहीं निष्पन्न होत नाहीं, फी भरून मुलें नळ टिपतात, अशी तक्रार झाली. दुसऱ्या वर्षीं टाकी गेली. तिच्या जागीं किल्ल्याची सहल आणि तीन बक्षिसांची स्पर्धा आली. यंदा तेथें धुक्यांतला किल्ला उत्तम निघाला असेल, याविषयीं आम्हांस शंका नाहीं.

आतां आमच्यावर येणारे आक्षेप पाहूं. बंधनानें खरी प्रतिभा गुदमरते, असें म्हणतील. डोरोथिया लँग ही व्हाइटच्याच वर्गांत होती आणि तिनें नेमून दिलेला अभ्यास पुरा केला नाहीं, असें ती पुढें स्वतःच सांगत असे; हें उदाहरण आमच्याविरुद्ध खुशाल वापरावें. पण त्या शिक्षकाचें ऋण तिनें कधीं नाकारलें नाहीं, आणि १९३६ मध्यें निर्वासित शेतमजुरांच्या तळावर तिनें एकाच मातेचीं चित्रें घेतलीं तीं कशीं? एकामागून एक, प्रत्येक वेळीं अधिक जवळ जात. फाटकाचा धडा तिनें फाटकापाशीं गिरविला नसेल, तंबूपाशीं गिरविला. दुसरा आक्षेप असा कीं, बंधन पाळलें म्हणजे कला होतेच असें नाहीं. हें आम्हांस मान्य आहे. ओष्ठ्य वर्ण टाळून मोरोपंतांनीं रामायण रचलें. त्या करामतीनें मोरोपंत थोर ठरत नाहींत. परंतु असल्या व्यायामानें ज्याची भाषा लवली, त्याच मोरोपंतांची आर्या महाराष्ट्राच्या ओंठीं बसली. व्यायाम म्हणजे पराक्रम नव्हे. पण व्यायामशाळेंत केवळ टाळ्या वाजविणाराला कोणी पहिलवान म्हणत नाहीं.

तिसरा आक्षेप गरिबीचा: महागडे कॅमेरे मुलांनीं आणावे कोठून? आमचें उत्तर, आणूंच नयेत. ज्या वर्गांत मोठ्या भिंगाची सक्ति आहे, तो वर्ग दुकानदाराचा आहे, शिक्षकाचा नव्हे. आणि गरिबीचें नांव निघालेंच आहे, तर एक कठोर गोष्ट सांगितली पाहिजे. 'आवडेल तें टिपा' या मुभेचा पहिला बळी गरीब माणूसच होतो. मघाशीं सांगितलेल्या मातेचें छायाचित्र जगभर गेलें. तिचें नांव जगाला १९७८ मध्यें कळलें, आणि त्या प्रसिद्धीविषयीं तिच्या मनांत कडवटपणा होता. चाळीच्या कठड्याशीं उभें असलेलें आमच्या प्रदर्शनांतलें उघडें मूल कोणाचें, त्याच्या आईला विचारलें होतें काय, हा प्रश्न एकाहि प्रमुख पाहुण्यानें केलेला आम्हीं ऐकला नाहीं. नळाला लाज नसते, माणसाला असते. म्हणून आधीं नळ, मग माणूस, हा क्रम केवळ कलेचा नाहीं, नीतीचाहि आहे.

शेवटचा आक्षेप सर्वांत ताजा. आतां चार शब्द लिहिले कीं यंत्र हवें तें चित्र तयार करून देतें. कॅमेराहि नको, सूर्यहि नको. मग पाहण्याची एवढी तालीम कशाला? आम्ही म्हणतों, म्हणूनच! समुद्रांत बुडणारा सूर्य आणि पानावरचा थेंब हीं चित्रें यंत्रानें आमच्या मुलांहून सफाईनें काढलीं, तें बरेंच झालें. कारण तीं चित्रें कधींच पाहून काढलेलीं नव्हतीं. ज्याचा सर्व व्यवहार पूर्वीं काढलेल्या चित्रांवर चालतो, त्या यंत्राला सहाव्या नळाखालचा कोरडा दगड कोण सांगणार? तो तेथें उभें राहूनच दिसतो. चित्र स्वस्त झालें आहे. पाहणें झालेलें नाहीं.

तेव्हां अभ्यासमंडळांकडे आमचें मागणें थोडें आणि स्पष्ट आहे. छायाचित्रणाचा विषय ठेवा. पण त्यांतून प्रदर्शन, बक्षिसें आणि व्याख्यांची लेखी परीक्षा काढून टाका. एक वस्तु, एक साधन, मोजकीं चित्रें, आणि दर आठवड्याला तीं सर्वांसमक्ष भिंतीवर, एवढें नेमून द्या. गुण उत्तम दहा चित्रांना नकोत; सत्रभर काढलेल्या सर्व चित्रांच्या मालिकेला द्या, फसलेल्यांसकट, आणि कोणतें कां ठेविलें व कोणतें कां टाकलें हें सांगणाऱ्या दोन पानांच्या टिपणाला द्या. ज्या शिक्षकाला हें जमत नसेल, त्याला वर्ग देऊं नका. आणि माहितीपत्रकांतून 'सर्जनशीलता' हा शब्द निदान पांच वर्षें वगळा. त्याच्या जागीं 'पाहण्याचा अभ्यास' असें लिहा. विद्यार्थी कदाचित् थोडे येतील. १८५५ च्या वर्गांतहि विद्यार्थ्यांची झुंबड उडाली नसेल. पण जे आले त्यांना ओलें रसायन सुकण्याच्या आंत काय टिपावयाचें तें ठरवावें लागत होतें, आणि हातांत मोजक्याच कांचा होत्या. ती सक्ति त्यांना त्यांच्या साधनांनीं दिली होती. आमच्या साधनांनीं ती काढून घेतली आहे. म्हणून ती देण्याचें काम आतां शिक्षकावर येऊन पडलें आहे.